दामिनीचे दुबळे कोपरे : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आजपासून दामिनीच्या नोंदी वेगळ्या ठेवते. बाकीच्या कामाच्या वहीत त्या हरवतात, आणि या एका शस्त्रावरून घरात जेवढा वाद झालाय तेवढा अख्ख्या गेमवरून झालेला नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आम्ही चौघं मिळून एक छोटा शूटर गेम करतोय. मी, धाकटा भाऊ, मामेभाऊ म्हणजे आमचा दादा, आणि वहिनी. काळ दोनशे वर्षांनंतरचा, जागा पृथ्वीभोवती फिरणारी एक वसाहत. ती बांधणारी माणसं मुंबईची, म्हणून त्यांनी अंतराळातही चाळच बांधली. कोड माझ्याकडे, मॅप दादाकडे, आवाज भावाकडे, रंग आणि पोत वहिनीकडे. पाया क्वेक थ्रीच्या इंजिनाचा. १९९९ चा गेम, पण आयडी सॉफ्टवेअरने २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला, आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवरही तो सुरळीत पळतो.

दामिनी ही आमची स्नायपर. विद्युतचुंबकीय बंदूक, एका वेळी एक गोळी. ट्रिगर दाबला त्याच क्षणी लागते, गोळीला प्रवासाचा वेळच नाही. डॅमेज (एका गोळीचा मार) १००, म्हणजे पूर्ण १०० हेल्थवाला, जीव शाबूत असलेला माणूस एका फटक्यात आडवा. काल रात्री भाऊ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दामिनी घेऊन बसला आणि नंतर चौकात उतरायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी वहिनीने माउस खाली ठेवला. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही एकटेच खेळा आता. मला कुठून मेले तेही कळत नाहीये."

दादाचं म्हणणं सरळ आहे, डॅमेज ७० करून टाक. माझा त्याला विरोध आहे. ७० केलं की दोन गोळ्या लागतील, आणि दोन गोळ्या लागणारी दामिनी म्हणजे हळू चालणारी साधी रायफल. तिची दहशत राहिली पाहिजे, ती गॅलरीत आहे म्हटल्यावर पोटात गोळा आला पाहिजे. तिला दुबळेपणा हवाच, पण तो समोरच्याला दिसणारा, ऐकू येणारा, हाताशी धरता येणारा हवा. फाइलमधला आकडा कमी केला तर समोरच्याला करण्यासारखं काहीच मिळत नाही, तो फक्त थोडा उशिरा मरतो. वहिनीची तक्रारही डॅमेजची नव्हतीच. तिला कुठून मेले ते कळत नव्हतं.

१०० ला सध्या हात लावायचा नाही. आधी मूळ गेममधली रेलगन, म्हणजे दामिनीसारखीच बंदूक, कशी ताब्यात ठेवलीये ते नीट वाचून काढते.

१७ जून, मंगळवार

वाचायला बसले आणि रात्रीचे दोन वाजले. आमच्या दामिनीची आजी म्हणजे क्वेक थ्रीची रेलगन. तिचाही डॅमेज १००, तीही हिटस्कॅन, म्हणजे झाडताक्षणी लागणारी, आणि एकामागे एक उभ्या असलेल्या चारजणांपर्यंत आरपार जाते. एवढं असून तो गेम एका शस्त्राचा झाला नाही, आणि त्याची कारणं कोडमध्ये एका ठिकाणी नाहीत. पाच-सहा फाइलींत विखुरलेली आहेत.

दोन गोळ्यांमधलं अंतर १५०० मिलिसेकंद. रॉकेटचं ८००, मशीनगनचं १००. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण खरी गंमत हालचालींच्या फाइलमध्ये सापडली. गोळी झाडल्यावर ते १५०० मिलिसेकंद संपेपर्यंत शस्त्र बदलताच येत नाही. त्यानंतर हातातलं खाली न्यायला २०० आणि नवं वर आणायला २५०. म्हणजे नेम चुकला आणि शत्रू अंगावर आला, तर दुसरं शस्त्र हातात येईपर्यंत १९५० मिलिसेकंद. जवळजवळ दोन सेकंद तुम्ही रिकामे.

धावण्याचा साधा वेग सेकंदाला ३२० युनिट (युनिट म्हणजे गेममधलं अंतराचं माप). दोन सेकंदांच्या आत समोरचा ६२४ युनिट पुढे येतो. आमच्या चौकाचा तिसरा हिस्सा त्यात संपतो.

भावाने काय केलं होतं ते आता लक्षात आलं. आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या आमच्या आवृत्तीत, शस्त्रबदल सोयीचा व्हावा म्हणून त्याने ही अट काढून टाकली होती. तो दामिनी झाडतो, लगेच मशीनगन काढतो, तेवढ्यात दामिनी मागे भरून तयार. अट परत घातली. दामिनी आज रात्रीतच अर्धी वठणीवर आली असावी असा माझा अंदाज आहे.

१८ जून, बुधवार

क्वेक टूची फाइलही उघडून पाहिली, तो कोड २००१ मध्ये खुला झाला. तिथे रेलगनचा डॅमेज एकट्याच्या मोहिमेत १५०, आणि माणसं एकमेकांशी खेळतात तेव्हा १००. शेजारी कोड लिहिणाऱ्याची एका ओळीची टीप आहे: डेथमॅचमध्ये नेहमीचा डॅमेज फारच टोकाचा होतो. राक्षसांशी लढताना १५० चालतो, कारण राक्षसाला रुसून माउस खाली ठेवायचा नसतो.

२२ जून, रविवार

हा १०० चा आकडा किती विचारपूर्वक बसवलेला आहे ते आज कागदावर मांडल्यावर कळलं.

क्वेक थ्रीमध्ये खेळाडू जन्मतो तो १२५ हेल्थ घेऊन. मग सेकंदाला एक या गतीने ती १०० वर उतरते. म्हणजे जन्मल्यावर साधारण २५ सेकंद रेलगनची एक गोळी त्याला मारू शकत नाही. १०१ असली तरी तो १ हेल्थवर उभा राहतो. आणि जमिनीवर पडलेले, हेल्थ किंवा आर्मर (चिलखत) ५ ने वाढवणारे ते छोटे तुकडे, ज्यांच्याकडे नवे खेळाडू ढुंकून बघत नाहीत, त्यांचीही किंमत इथेच आहे. १०० हेल्थ आणि आर्मरचा एक ५ चा तुकडा अंगावर असेल, तर १०० मधले ५ आर्मर खातं, ९५ अंगाला लागतात, तुम्ही ५ हेल्थवर जिवंत. तुमच्याकडे आता दीड सेकंद आहे, आणि तो कुठे आहे हेही तुम्हाला कळलंय.

मोठं आर्मर असेल तर आणखी. आर्मर फटक्याचा ६६ टक्के भाग स्वतःवर घेतं. १०० आर्मर आणि १०० हेल्थ असलेल्या माणसाला पहिल्या गोळीत फक्त ३४ लागतात.

म्हणजे रेलगनचा मार काठोकाठ भरलेला आहे, वर एक थेंब जास्तीचा नाही. ९९ असतं तर पूर्ण हेल्थवाला वाचला असता, १२५ असतं तर नुकता जन्मलेलाही मेला असता. दादाला हे फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू म्हणतेस डॅमेज तसाच ठेवायचा आणि चाळीत तुकडे पेरायचे?" हो, अगदी तेच. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक, आणि चौकाकडे जाणाऱ्या दारांजवळ दोन-दोन. जो वाट वाकडी करून तुकडा उचलेल, त्याला एक गोळी माफ.

वहिनी त्या तुकड्यांना बत्ताशांचं रूप देणार आहे. अंतराळातली चाळ असली तरी प्रसाद बत्ताशांचाच, असं तिचं म्हणणं.

२८ जून, शनिवार

आजची नोंद मोठी होणार. दिवसभर दादा, मामा आणि मी मॅपवर बसलो होतो.

प्रश्न चौकाचा. आमची चाळ गिरगावातल्या चाळीवरून घेतली आहे. मधे चौक, चारी बाजूंना तीन मजले, प्रत्येक मजल्याला सामायिक गॅलरी. गॅलरीतून अख्खा चौक दिसतो, चौकातून गॅलरीतलं माणूस कठड्याआड अर्धं झाकलेलं. लहानपणी खाली खेळताना आई वरून बघायची तेव्हा तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. स्नायपरला याहून चांगली जागा मिळणार नाही.

मॅपमध्ये चौकाची लांबी १९२० युनिट. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळायला सहा सेकंद. तेवढ्यात दामिनीच्या पाच गोळ्या: पाय बाहेर पडताच एक, मग दर दीड सेकंदाला एक. पाचातली एक लागली तरी खेळ खलास. पण १५०० मिलिसेकंदांत माणूस ४८० युनिट पळतो, हेही तितकंच खरं. म्हणून नियम ठरवला: चौकात दोन आडोशांमधलं अंतर ४०० युनिटच्या वर जाऊ द्यायचं नाही. गोळी चुकली की पुढचा आडोसा हमखास तुमचा.

आडोसे काय ठेवायचे यावर मग तासभर गेला. पाण्याची पिंपं, मधला तुळशीचा कट्टा, एक बंद पडलेली मालवाहू गाडी. आणि वाळत घातलेले कपडे. दादाने कपडे सहज म्हणून टांगले होते, चाळीला शोभा म्हणून. त्यातून गोळी जाते, फक्त दिसत नाही. मी ते काढायला सांगणार होते, कारण ज्याआड लपता येतं पण वाचता येत नाही असा आडोसा फसवा. मग मामाशी बोलता बोलता हिशेब उलटा केला. कपड्यांआड माणूस आहे अशा अंदाजाने मशीनगनवाला सरळ फवारा मारेल, त्याला काय, सेकंदाला दहा गोळ्या. दामिनीवाल्याने अंदाजाने मारलं आणि चुकलं तर त्याचे दीड सेकंद गेले. अंदाज बांधणं त्याला महाग पडतं. म्हणजे वाळत टाकलेली चादर ही मशीनगनपुढे कुचकामी आणि दामिनीपुढे भिंतीइतकी कामाची. हे मला फार आवडलं. कपडे राहिले, उलट आणखी दोन दोऱ्या बांधल्या.

मामांचं सगळं आयुष्य नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बांधलेल्या या चाळींची रचना गिरगावपेक्षा अगदी वेगळी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. उघडी गॅलरी नाही, चौकही नाही. मॅपचा दुसरा भाग दादाने याच बोळावरून केलाय, आणि तिथे दामिनी चौकापेक्षा घातक आहे. बोळ अरुंद, सरकायला जागा नाही, आणि गोळी चारजणांतून आरपार.

आम्ही बोळात कोनाडे काढायचं बोलत होतो, तेव्हा मामा म्हणाले, "अरे, बोळात आम्ही क्रिकेट खेळायचो. टोकाच्या खिडकीतून उजेड यायचा ना, त्यामुळे त्या टोकाला बॉलर असला की बॅटिंग करणाऱ्याला नुसती काळी आकृती दिसायची. पण दिसायची मात्र स्पष्ट. आणि बॉलरला आमच्या बाजूचं सगळं अंधारात."

हेच हवं होतं. बोळाच्या दोन्ही टोकांना खिडक्या, बाहेर पृथ्वीचा लख्ख निळा प्रकाश. दामिनीवाल्याला सगळ्यात लांब नजर टोकाला उभं राहूनच मिळते, आणि तिथे उभा राहिला की तो उजेडावर कोरल्यासारखा दिसतो. मधल्या अंधारात उभा राहिला तर झाकला जातो, पण नजर अर्धी होते. दादाने दिवे तिथल्या तिथे बदलले. मामांना हेडफोन घालून बोळात फिरवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "नळ कुठाय?" नळ सोमवारपर्यंत येईल.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन टेस्ट. नवा चौक चालतोय. वहिनी पहिल्यांदाच पलीकडे पोचली, कपड्यांच्या दोरीआडून.

आणखी एक गोष्ट नीट दिसली. दामिनीची चुकलेली गोळी पूर्ण वाया जाते. रॉकेट पायाशी फुटलं तरी १२० युनिटच्या परिघात भाजतं, त्यामुळे रॉकेटवाला नेम थोडा ढिला ठेवू शकतो. दामिनीवाल्याला ती सूट नाही. दादा कोनाड्यातून अर्धं अंग बाहेर काढून आत घेतो, पुन्हा पुन्हा, आणि भाऊ एकेक गोळी वाया घालवतो.

१२ जुलै, शनिवार

आवाजाचा दिवस.

मूळ गेममध्ये रेलगन हातात असली की ती सतत गुणगुणते, आणि ते गुणगुणणं फक्त धरणाऱ्यालाच नाही, आजूबाजूच्यांनाही ऐकू येतं. दारापलीकडे कोणी रेलगन घेऊन टपलेला असेल तर कान उघडे ठेवणाऱ्याला कळतं. केवढा मोठा दुबळेपणा, आणि केवढा न्याय्य! आम्ही तो घेतला, पण मला त्यात भर घालायची होती.

खरी रेलगन कशी चालते हे भावाने वाचून काढलं. दोन समांतर पट्ट्या, मधे वीज वाहून नेणारा तुकडा, प्रचंड प्रवाह सोडला की चुंबकीय बल त्या तुकड्याला पुढे फेकतं. अमेरिकी नौदलाने १० डिसेंबर २०१० ला व्हर्जिनियातल्या डालग्रेनला ३३ मेगाज्यूलचा फटका मारून दाखवला होता, आणि २०२१ मध्ये ते कामच थांबवलं. पट्ट्यांची झीज हे मोठं दुखणं, आणि दर फटक्याआधी एवढी ऊर्जा साठवून ठेवायची हे दुसरं. साठवायला वेळ लागतो. म्हणजे आमचे दीड सेकंद हे मनाला येईल ते नाहीत, कपॅसिटर भरतायत. मग भरताना आवाज यायलाच हवा.

भावाने चर्नी रोडला रविवारी पहाटेच्या धीम्या गाड्या सुटताना आवाज टिपून ठेवले होते. गाडी हलते तेव्हा डब्याखालच्या मोटरचा सूर पायरी पायरीने चढत जातो, मुंबईकराला तो झोपेतही ओळखता येईल. तो सूर त्याने घेतला, खडखडाट गाळला, बरोबर १५०० मिलिसेकंदांत बसवला. गोळी सुटली की सूर तळाशी, आणि तिथून चढत चढत वर. वर पोचला की स्थिर गुणगुण, म्हणजे दामिनी तयार.

आता लपलेल्या माणसाला घड्याळाची गरज नाही. सूर खाली असताना निघायचं, अर्ध्यावर आला की आडोसा शोधायचा. वहिनीने डोळे मिटून पिंपाआड बसून हे करून पाहिलं. सूर पडला की उठली, चढायच्या आत पुढच्या पिंपामागे. भावाला ती सापडेना. तो म्हणाला, "अगं ताई, माझी बंदूक माझीच चुगली करतेय." तशीच राहील.

२६ जुलै, शनिवार

दोन बदल, एक भांडण.

पहिला बदल गोळीच्या वाटेचा. मूळ गेममध्ये गोळीमागे रंगीत रेघ राहते, ४०० मिलिसेकंदांत विरते. आम्ही ती पूर्ण सेकंदभर ठेवली. मेलेल्याला तिचा उपयोग नाही, पण त्याच्या बरोबरच्यांना गॅलरीतला नेमका खांब दिसतो. २००१ च्या हेलो या शूटर गेममध्येही स्नायपरची गोळी मागे पांढरी रेघ सोडायची, आणि त्या रेघेच्या टोकाला सगळ्यांच्या बंदुका वळायच्या. एका जागी बसून राहण्याची किंमत तिथे त्या रेघेने वसूल केली जायची.

दुसरा बदलही हेलोकडून. दुर्बिणीतून बघत असताना अंगाला काहीही लागलं की झूम सुटतो. क्वेकमध्ये हे नाही. यावरून भाऊ खरंच चिडला. त्याचं म्हणणं असं की मशीनगनची ७ डॅमेजची एक गोळी लागून त्याचा नेम मोडत असेल तर दामिनी घ्यायची कशाला. मी म्हटलं, घ्यायची, पण कोणी बघत नसताना झूम लावायचा. ज्याला गॅलरीपर्यंत पोचता येत नाही, त्याला लांबून मशीनगन मारून तुझी नजर मोडता येते, आणि तेवढ्यात त्याचा साथीदार चौक ओलांडतो. दोघांना मिळून काहीतरी करता येतं. आधी दोघं वेगवेगळे मरत होते.

त्याला कोनांचा हिशेब दाखवला तेव्हा तो जरा नरमला. झूममध्ये पडद्यावर दिसतं ते फक्त २२.५ अंश. समोरचा १००० युनिटवर आडवा पळत असेल तर सेकंदाला साधारण १८ अंश सरकतो, म्हणजे सेकंदाहून जास्त वेळ चौकटीत राहतो. तोच १०० युनिटवर आला की सेकंदाला १८० अंशांच्या पुढे, चौकटीतून एका सेकंदाच्या आठव्या हिश्शात पार. झूम सुटला नसता तरी त्या अंतरावर झूम कुचकामीच होता. सुटल्यामुळे उलट भावाचा जीव वाचतो, त्याला निदान आजूबाजूचं दिसतं. तो म्हणाला, "बरं, राहू दे. पण मागे हटताना मला धावू तरी दे." ते दिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस असा कोसळतोय की लोकल कोलमडल्या, दादा-वहिनी कल्याणला अडकलेले. एकत्र बसून टेस्ट शक्यच नव्हती, म्हणून पहिल्यांदाच सगळे आपापल्या घरून इंटरनेटवर. बरं झालं, कारण दामिनीचा एक असा दुबळेपणा बाहेर आला जो एका खोलीत, एका राउटरवर कधीच दिसला नसता.

दादाचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, १०० मिलिसेकंदांच्या आसपास. तो बरोबर अंगावर नेम धरतो आणि गोळी मागून निघून जाते. हिशेब सोपा आहे. १०० मिलिसेकंदांत पळणारा माणूस ३२ युनिट सरकतो, आणि खेळाडूची रुंदी आहे ३० युनिट. म्हणजे दादाला जिथे माणूस दिसतो, तिथे सर्व्हरच्या लेखी तो माणूस नाहीच. अख्खा पुढे गेलाय. जुन्या गेममध्ये खेळाडू आपल्या पिंगनुसार पुढे नेम धरायला शिकायचे. मशीनगनवाल्याला हे फारसं जाणवत नाही, दोन-चार गोळ्या गेल्या तर गेल्या. दामिनीवाल्याची एकच असते.

दादा म्हणाला, हा दुबळेपणा आयता मिळालाय, ठेव. मला पटत नाही. समोरच्याला माझा पिंग दिसत नाही, त्याचा फायदा त्याने हुशारीने घेतलेला नसतो. तो नुसता वाचतो, का वाचला हे त्यालाही कळत नाही. आणि नेमबाजाला वाटतं आपलाच हात खराब. यात कोणाचंच शहाणपण लागत नाही. हा दुबळेपणा काढायचा. सर्व्हर प्रत्येकाच्या मागच्या जागा थोडा वेळ लक्षात ठेवेल, गोळी झाडली की झाडणाऱ्याला जे दिसत होतं तिथे सगळ्यांना मागे नेऊन तपासेल. याला मर्यादाही हवी, नाहीतर खांबाआड पोचलेला माणूस पोचल्यावर मरेल आणि पुन्हा वहिनीची तीच तक्रार. १२० मिलिसेकंदांच्या मागे जायचं नाही असं ठरवलं. त्याहून जास्त पिंग असेल तर उरलेला अंदाज स्वतः बांधावा.

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीचे दिवस कामाला हात लागला नाही. काल विसर्जनानंतर चाळीतली पोरं घरी जमली, दहावी-बारावीची. त्यांना काहीही न सांगता गेम लावून दिला आणि आम्ही मागे उभे राहिलो.

पहिला अर्धा तास दामिनीसाठी मारामारी. मग एका मुलीच्या लक्षात आवाज आला. तिने शेजारच्याला कोपराने ढोसून म्हटलं, "गाडी सुटली की पळायचं." दहा मिनिटांत सगळी खोली तेच करत होती. दामिनी झाडली गेली की खालून पाच-सहाजण एकदम आडोशातून बाहेर, सूर वर यायच्या आत सगळे गायब. आम्ही सूचनांच्या पानावर हे लिहिणार होतो. आता लिहीत नाही.

बोळात मात्र कोणीही दामिनी घेऊन टोकाला उभं राहीना. उजेड पाठीवर घेणं नको म्हणून सगळे मधल्या अंधारात. दादा म्हणतो खिडकीचा प्रकाश थोडा कमी करूया, टोकाला उभं राहण्यातही काही मोह हवा. पटलं. वहिनी खिडकीत फिरणारी सौरपाती लावतेय, म्हणजे उजेड येईल-जाईल, आणि टोकाला उभा असलेल्याला काही क्षण सावली मिळेल.

२१ सप्टेंबर, रविवार

सगळ्यात अवघड गाठ आज पुढे आली. दोन दामिनी.

संघांच्या खेळात भाऊ आणि त्याचा मित्र दोघंही दामिनी घेऊन समोरासमोरच्या गॅलरीत बसले. एकाने झाडायची, निम्मा सूर चढला की दुसऱ्याने. आता दोन गोळ्यांमध्ये ७५० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात माणूस पळतो फक्त २४० युनिट. ४०० युनिटवर ठेवलेले आडोसे अपुरे. आवाजही फसवा, कारण एक सूर तळाशी असताना दुसरा वर पोचत असतो. तीन महिन्यांत बांधलेले सगळे दुबळे कोपरे दुसऱ्या माणसाने बुजवून टाकले. एक खाली जाऊन तुकडे वेचणाऱ्यावर लक्ष ठेवतो, दुसऱ्याचा झूम मोडला तर पहिला आहेच.

दादा पुन्हा डॅमेजवर आला. भाऊ म्हणाला, आडोसे दुप्पट कर. आडोसे दुप्पट केले तर चौकच उरत नाही, गोदाम होतं. मूळ गेममध्ये उचललेलं शस्त्र जागेवर पुन्हा उगवतं, साध्या डेथमॅचमध्ये ५ सेकंदांनी, संघांच्या खेळात ३० सेकंदांनी. त्यामुळे दोघांकडे रेलगन असणं तिथे अगदी नेहमीचं. आमच्याकडे ते नको. चाळीत दामिनी एकच. जो धरेल तो मरेपर्यंत दुसरी उगवणार नाही. मेला की जिथे पडला तिथेच पडून राहील आणि पडल्या पडल्या गुणगुणत राहील, म्हणजे दोन्ही संघांना कळेल कुठे आहे. ती उचलायला वाकणाऱ्यावर तेव्हा सगळ्या चाळीचे कान असतील.

एक फट राहते. दामिनीवाला मुद्दाम सुरक्षित कोपऱ्यात बसून राहिला तर समोरच्या संघाला ती कधीच मिळणार नाही. त्यासाठी दारूगोळा. मूळ गेममध्ये रेलगनबरोबर १० गोळ्या मिळतात, आम्ही ६ देतोय, आणि पुढच्या गोळ्यांचा डबा फक्त चौकाच्या मधोमध, तुळशीच्या कट्ट्यावर. वरून सहा फटके मारून झाले की त्याला खाली उतरावंच लागेल, चारी गॅलऱ्यांच्या नजरेत.

भाऊ यावर लगेच म्हणाला, "मग मी पाचच मारीन." मारू दे. बिल्ड रात्री सगळ्यांना पाठवते. शनिवारी कल्याणला दादाकडे जमायचं, पोरांनाही बोलावलंय, आणि या वेळी तिसऱ्या मजल्यावर वहिनी बसणार आहे.